चालू असताना केबल काढू नये

‘मापन चालू असताना केबल काढू नये.’

हे वाक्य माझं. 2014 च्या पावसाळ्यात मी ते लिहिलं, पिवळ्या स्टिकरवर लाल अक्षरांत छापून घेतलं, खाली तेच हिंदीतही. चाकणच्या एका कारखान्यात गिअरबॉक्स तपासायचे दोन बेंच होते. त्या दोन्हींवर स्टिकर मी माझ्या हाताने चिकटवले आणि काम मार्गी लागलं अशा समाधानात पुण्याला परतलो. ड्रायव्हर लिहिण्याच्या कामात मी बऱ्याच चुका केल्या. त्यातली ही सगळ्यात मोठी, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

आमची कंपनी लहान होती. कंपनं मोजणारं एक यंत्र आम्ही बनवत होतो. गिअरबॉक्सवर चार सेन्सर लावायचे, तो मोटरने फिरवायचा आणि थरथरीवरून आत कुठल्या गिअरचा दात बिघडलाय का ते ओळखायचं. सेन्सरचे आकडे एका डब्यातून यूएसबीने संगणकात येत. संगणकावर लिनक्स होतं, डेबियन 7, कर्नल 3.2. त्या डब्याचा ड्रायव्हर मी एकट्याने लिहिला होता.

कारखान्यातून तक्रार आली की दोन-तीन दिवसांतून एकदा संगणक गोठतो. माउस हलत नाही, पॉवर बटण दाबून धरून बंद करावा लागतो, तोवर बेंच थांबतो. मी फोनवर पहिला प्रश्न विचारला, ‘चालू असताना कोणी केबल काढतं का?’ उत्तर आलं, हो. बेंच दोन आणि आमचा डबा एक. एका पाळीत तो चार-पाच वेळा इकडून तिकडे जायचा, आणि घाईत कधीकधी सॉफ्टवेअर न थांबवताच केबल ओढली जायची.

मी ऑफिसात मापन सुरू करून केबल ओढली. तीनदा काही झालं नाही. चौथ्यांदा संगणक गोठला.

म्हणजे दोष माझ्या ड्रायव्हरमध्ये आहे हे मला त्याच दिवशी कळलं होतं. ते कळूनही मी अहवालात ‘ऑपरेटरकडून अयोग्य हाताळणी’ असं लिहिलं. पुढचा प्रकल्प डोक्यावर होता हे एक कारण. दुसरं कारण जास्त खोलवरचं होतं: चालू यंत्राची केबल ओढणं हा गैरवापरच आहे अशी माझी मनापासून समजूत होती.

ती समजूत किती चुकीची होती हे यूएसबीच्या प्लगकडे नीट पाहिलं असतं तरी कळलं असतं. नेहमीच्या चपट्या प्लगमध्ये चार पट्ट्या असतात. कडेच्या दोन, वीज आणि ग्राउंडच्या, लांब. मधल्या दोन, डेटाच्या, आखूड. त्यामुळे प्लग घालताना आधी वीज जोडली जाते आणि काढताना आधी डेटा तुटतो, वीज नंतर. 1996 मध्ये यूएसबीचं पहिलं मानक आलं ते माणूस केव्हाही, काहीही चालू असताना प्लग ओढणार हे गृहीत धरून. धातूच्या पट्ट्यांची लांबी ठरवणाऱ्यांनी त्या हाताचा विचार केला होता. मी केला नव्हता.

आता कोडमध्ये काय होतं ते सांगतो.

डबा जोडला की कर्नल ड्रायव्हरच्या ‘प्रोब’ला बोलावतं. मी तिथे मेमरीचा एक तुकडा घेऊन त्यात त्या डब्याची सगळी माहिती ठेवत होतो: बफर कुठे, कुठल्या यूआरबी पाठवल्यात, किती नमुने आले. यूआरबी म्हणजे यूएसबीवरून डेटा आणायची मागणीची चिठ्ठी. मापनाचं सॉफ्टवेअर डिव्हाइसची फाइल उघडायचं तेव्हा या तुकड्याचा पत्ता त्या उघड्या फाइलशी बांधला जायचा. केबल निघाली की कर्नल ‘डिसकनेक्ट’ला बोलावतं, आणि तिथे मी तो तुकडा सरळ मोकळा करत होतो. डबा गेला, त्याची माहिती कशाला ठेवायची?

पण फाइल उघडीच होती. सॉफ्टवेअरला डबा गेल्याचं माहीतच नव्हतं. ते पुन्हा वाचायला यायचं, नाहीतर शेवटी फाइल बंद करायला यायचं, आणि माझा कोड मोकळ्या केलेल्या मेमरीत हात घालायचा. घर सोडल्यावर जुनी किल्ली काही दिवस लागत राहते. नवा भाडेकरू येईपर्यंत आत काही बदललेलं नसतं. म्हणून तीनदा काही झालं नाही. चौथ्यांदा तोवर ती जागा कर्नलने दुसऱ्या कुणाला तरी दिली होती, आणि मी त्याच्या सामानावर लिहीत होतो. अशा वेळी पडझड कुठे दिसेल याचा नेम नसतो. एकदा तर सगळा दोष फाइल सिस्टिमच्या कोडवर आलेला दिसला आणि मी दोन दिवस हार्ड डिस्क तपासत बसलो. पुढे कर्नल स्लब-डीबग लावून सुरू केलं. त्यात मोकळी केलेली मेमरी 6बी या बाइटने भरून ठेवतात. पुढच्या पडझडीत रजिस्टरमध्ये 6बी6बी6बी6बी अशी रांग दिसली आणि शंका उरली नाही.

सगळ्यात जास्त बोचतं ते वेगळंच. हा ड्रायव्हर मी कोऱ्या फाइलपासून लिहिलेला नव्हता. लिनक्सच्या सोर्समध्ये नव्या लोकांसाठी ‘यूएसबी-स्केलेटन’ नावाचा नमुना ड्रायव्हर आहे, तो समोर ठेवून लिहिला होता. त्या नमुन्यात ‘केरेफ’ नावाचा मोजणीदार आहे. प्रोबमध्ये मोजणी एकवर सुरू होते, फाइल उघडली की एक वाढते, बंद झाली की एक कमी होते, डिसकनेक्टमध्ये एक कमी होते, आणि शून्यावर येईल तेव्हाच मेमरी सुटते. मला ती गुंतागुंत वाटली. आपल्याला एकच सॉफ्टवेअर, एकच डबा, हे कशाला? मी त्या ओळी काढून टाकल्या. उत्तर समोर छापलेलं होतं आणि मी ते प्रश्नासकट पुसलं.

सातबाऱ्यावरचं नाव माणूस गेला त्या दिवशी पुसलं जात नाही. वारस नोंद होते, फेरफार होतो, ज्यांचे ज्यांचे हक्क त्यात अडकलेत त्यांचं निस्तरतं, मग नाव निघतं. डबा जाणं आणि डब्याची नोंद जाणं या दोन वेगवेगळ्या घटना आहेत, आणि दुसरी कधी होणार हे पहिलीच्या हातात नसतं. एवढी साधी गोष्ट मला एकोणतीस वर्षांचा असताना कळली नव्हती. गावाकडच्या जमिनीच्या कामासाठी वडिलांबरोबर तलाठ्याकडे मी त्याआधी कितीदा तरी गेलो होतो.

ऑगस्टमध्ये मी गुपचूप एक दुरुस्ती पाठवली. गुपचूप, कारण अहवालात ऑपरेटरचा दोष लिहून बसलो होतो. दुरुस्ती अशी: ‘डबा आहे’ असा एक झेंडा ठेवायचा, डिसकनेक्टमध्ये तो खाली करायचा, आणि प्रत्येक ठिकाणी वापरण्याआधी झेंडा बघायचा. यात दोन दोष होते. झेंडा बघणं आणि डबा वापरणं यांच्यामध्ये वेळ जातो, आणि केबल नेमकी त्या वेळात निघू शकते. शिवाय झेंडा ठेवला होता त्याच मेमरीत जी मी मोकळी करत होतो. गोठण्याचं प्रमाण कमी झालं, म्हणजे दोष शोधणं आणखी अवघड झालं.

सप्टेंबरमध्ये पुन्हा फोन आला. संगणक गोठला होता. स्टिकर जागेवर होता, सगळ्यांना ताकीद दिलेली होती. त्या पाळीला बेंचवर लातूरकडचा एक कंत्राटी मुलगा होता. सुपरवायझरने त्याला फोन दिला. तो म्हणाला, ‘सर, मी केबलला हातच नाही लावला. शपथ.’

मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. सुपरवायझरला म्हणालो, ‘केबल निघाल्याशिवाय असं होत नाही.’ माझे शब्द तिथे तज्ज्ञाचे शब्द होते. चार दिवसांनी कळलं की त्या मुलाला बेंचवरून काढून पॅकिंगला टाकलं. बेंचवर असताना त्याला कौशल्याच्या कामाचा दर मिळत होता, पॅकिंगला हमालीचा. ऐकून मी ‘अच्छा’ म्हणालो.

ऑक्टोबरमध्ये आमच्या टीमलीड मॅडमनी मला पुन्हा चाकणला पाठवलं. ‘अहवाल वाचला तुझा,’ त्या म्हणाल्या, ‘आता लॉग घेऊन ये.’ संगणक गोठला की शेवटच्या क्षणांचा लॉग डिस्कवर पोहोचत नाही. म्हणून मी सीरियल केबलने माझा लॅपटॉप जोडला आणि कर्नलचे संदेश थेट त्यावर उतरवून घेऊ लागलो. बेंचपाशी स्टूल टाकून बसलो. दुपारची पाळी बदलली. शेजारच्या बेमधल्या मोठ्या मोटरचा कॉन्टॅक्टर खाडकन पडला, आणि माझ्या स्क्रीनवर एक ओळ आली. तिचा मराठीत अर्थ असा: पोर्ट हबने बंद केला, विद्युतचुंबकीय व्यत्यय असावा का, पुन्हा चालू करतो. त्यापाठोपाठ डिसकनेक्ट. त्यापाठोपाठ पडझड.

केबल जागेवर होती. तिच्या आसपास कुणीही नव्हतं.

हा संदेश मी बनवलेला नाही, तो यूएसबी हबच्या कोडमध्ये आधीपासून आहे. तिथे शेजारी टीपही आहे की नीट शील्ड न केलेली डिव्हाइसं व्यत्ययामुळे हबकडून बंद पडतात, म्हणून ती पुन्हा चालू करायची. पुन्हा चालू करणं म्हणजे आधी जुनं डिव्हाइस गेलं असं धरणं आणि मग नव्याने ओळखणं. ड्रायव्हरच्या दृष्टीने ते केबल ओढल्यासारखंच. आमच्या डब्यात केबलचं शील्ड पेटीच्या धातूला टेकवलेलंच नव्हतं. म्हणजे हार्डवेअरही आमचंच अपुरं, ड्रायव्हरही आमचाच, आणि पॅकिंगला गेलेला मुलगा मात्र खरं बोलत होता.

मी त्या स्टुलावर बराच वेळ बसून राहिलो. संध्याकाळी सुपरवायझरला सांगितलं की दोष आमचा आहे, नवा अहवाल पाठवतो. पाठवलाही. त्यात ‘अयोग्य हाताळणी’चा उल्लेख मागे घेतला. पण त्या मुलाला भेटायला पॅकिंगच्या शेडपर्यंत चालत गेलो नाही. पाच मिनिटांचं अंतर होतं.

पुण्याला येऊन ड्रायव्हर नव्याने लिहायला घेतला, आणि लगेच पुढची चूक केली. या वेळी केरेफ ठेवला, आणि एक म्यूटेक्सही ठेवला: वाचणाऱ्याने कुलूप लावून वाचायचं, डिसकनेक्टने तेच कुलूप घेऊन डबा ‘गेला’ असं नोंदवायचं. तत्त्व बरोबर होतं. पण माझा वाचणारा कुलूप हातात ठेवूनच डेटाची वाट बघत झोपायचा. डबा गेल्यावर कर्नल अडकलेल्या यूआरबी त्रुटीसह परत करतं. त्यांच्या उत्तराच्या फंक्शनमध्ये मी त्रुटी दिसली की काही न करता परत फिरत होतो, झोपलेल्याला उठवत नव्हतो. वाचणारा कुलूप घेऊन झोपलेला, डिसकनेक्ट कुलपाची वाट बघत उभा.

त्या काळच्या कर्नलमध्ये डिसकनेक्ट चालवायचा तो ‘केएचयूबीडी’ नावाचा एकच थ्रेड, साऱ्या संगणकातल्या सगळ्या हबसाठी. पुढे हे काम वर्कक्यूकडे गेलं, पण तेव्हा तो एकटा होता. तो अडकला की आधी जोडलेला कीबोर्ड चालू राहतो, पण नवं काहीही लावलं तरी संगणक ओळखत नाही. पेन ड्राइव्ह लावा, शांतता. 120 सेकंदांनी कर्नल तक्रार करतं की अमुक काम अडकलंय. ऑफिसात हे मला दिसलं नाही, कारण मी टर्मिनलवरून चाचणी घ्यायचो आणि केबल ओढल्यावर सवयीने कंट्रोल-सी दाबायचो. तेवढ्याने झोपलेला उठायचा आणि गाठ सुटायची. कारखान्यात कंट्रोल-सी दाबायला कोण होतं?

शेवटी जे बसलं ते असं. डिसकनेक्टने आधी नवं काम येणं बंद करायचं. मग वाट बघणाऱ्या सगळ्यांना उठवायचं, आणि उठलेल्याने ‘असं डिव्हाइस नाही’ ही त्रुटी घेऊन बाहेर पडायचं. मग वाटेतल्या यूआरबी, टायमर आणि वर्क संपेपर्यंत थांबायचं, पण थांबताना त्यांना लागणारं कोणतंही कुलूप हातात ठेवायचं नाही. आणि शेवटी आपला एक मोजणीचा हक्क सोडायचा. मेमरी कोण मोकळी करेल याची फिकीर करायची नाही, शेवटचा जो जाईल तो दिवा मालवेल. हा क्रम मी आजही कागदावर लिहून मगच कोड लिहितो.

यानंतर मी शहाणा झालो असं म्हणता आलं असतं, पण 2017 आलं. यंत्राची नवी आवृत्ती पीसीआय एक्सप्रेस कार्डावर होती. कार्ड वेगळ्या पेटीत आणि ती पेटी केबलने संगणकाला जोडलेली, म्हणजे काढण्याची शक्यता पुन्हा आलीच. मी जोमाने चाचणी लिहिली. लिनक्समध्ये प्रत्येक पीसीआय डिव्हाइसच्या नावाने ‘रिमूव्ह’ अशी एक फाइल असते. तिच्यात 1 लिहिलं की कर्नल डिव्हाइस काढल्यासारखं करतं. माझ्या स्क्रिप्टने रात्रभर हे केलं, सकाळी सगळं ठीक. मॅडमनी एकच विचारलं, ‘हाताने काढलंस?’ काढलं. तिसऱ्या ओढीला संगणक ठप्प.

त्या फाइलमधून काढताना कार्ड अजून जागेवर असतं, विचारलं तर उत्तर देतं. ड्रायव्हरला निरोप घ्यायला वेळ मिळतो. हाताने ओढलं की निरोप येतो तेव्हा कार्ड आधीच गेलेलं असतं. आणि गेलेल्या कार्डाचं रजिस्टर वाचलं तर सहसा त्रुटी मिळत नाही, सगळे बिट एक असलेला आकडा मिळतो, आठ एफ. रजिस्टरमध्ये लिहिलं तर ते मुकाट्याने हरवतं. माझा इंटरप्ट हँडलर स्टेटस रजिस्टर शून्य होईपर्यंत फिरत राहायचा. आठ एफ कधीच शून्य होत नाही. त्यातला प्रत्येक बिट म्हणत होता, काम आहे, काम आहे, आणि प्रोसेसर त्या फेऱ्यात कायमचा अडकला. आता प्रत्येक वाचनानंतर आधी आठ एफ आहे का ते बघतो. त्या रजिस्टरमध्ये तो आकडा खराही असू शकत असेल, तर व्हेंडर आयडी वाचून खात्री करतो, कारण तिथे सगळे एक कधीच वैध नसतात. आणि कोणत्याही फेऱ्याला मर्यादा घालतो.

त्याच ड्रायव्हरमध्ये कर्नलच्या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या केएसॅन या तपासनिसाने आणखी एक गोष्ट पकडली, आणि ती पाहून मला घाम फुटला. मोकळी केलेली मेमरी, उघडी फाइल. 2014 चीच चूक. झालं असं की मेमरी घ्यायला मी ‘डेव्हएम’ची सोय वापरली होती. 2007 पासून कर्नलमध्ये आहे, फार उपयोगी आहे, ड्रायव्हर सुटला की घेतलेलं सगळं आपोआप परत करते. पण ती डिव्हाइस निघाल्यावर परत करते, शेवटची फाइल बंद झाल्यावर नाही. जी चूक मी स्वतः लिहायचं सोडलं होतं ती तयार सोयीतून परत आत आली. पुढे 2022 मध्ये डब्लिनच्या लिनक्स प्लंबर्स परिषदेत लॉराँ पँशार यांनी डेव्हएमने मेमरी घेण्याच्या याच धोक्यावर भाषण दिलं. ते ऐकताना मला केएसॅनचा तो अहवाल डोळ्यांपुढे दिसत होता: वर वापर कुठे झाला, मध्ये मेमरी कुणी घेतली, खाली कुणी सोडली.

नवं कार्ड बसवायला 2017 च्या डिसेंबरात मी चाकणच्या त्याच बेंचवर गेलो. स्टिकर होता. तेलाने काळा पडलेला, एक कोपरा सुटलेला. सुपरवायझर तेच होते. मी त्या मुलाची चौकशी केली. ‘तो कधीच गेला सर, कंत्राट संपल्यावर,’ ते म्हणाले. नंबर मागितला. त्यांनी शोधून दिला, मी तिथेच लावला. तो नंबर अस्तित्वात नव्हता.

नखाने स्टिकर खरवडून काढला. बेंचवर नवा मुलगा होता, तो बघत उभा होता. मापन सुरू केलं, आलेख सरकू लागले. मी त्याला म्हणालो, ‘केबल काढ.’

‘चालू असताना, सर?’

‘हो, चालू असतानाच.’

त्याने आधी सुपरवायझरकडे पाहिलं. त्यांनी मान हलवल्यावरच हात पुढे केला.